दिवे मिणमिणले आणि ड्राइव्ह बंद पडले: स्टॅबिलायझर घेण्याआधी हे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिला पाऊस झाला की एमआयडीसीतल्या कारखान्यांतून एकच तक्रार ऐकू येते. लाइट गेली नव्हती, दिवे क्षणभर मिणमिणले, आणि तेवढ्यात सगळे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे) बंद पडले. मग वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हो स्टॅबिलायझरचे कोटेशन मागवले जाते. बोटे मोडणे कधी कधी रास्त असते, पण कोटेशन जवळजवळ कधीच नाही. सर्व्हो स्टॅबिलायझरमधली छोटी मोटर कार्बन ब्रश सरकवून व्होल्टेज दुरुस्त करते. तिचा वेग सेकंदाला काही दशक व्होल्टांचा असतो, आणि व्होल्टेजची ही घसरण, जिला शॉपफ्लोअरवर सगळे डिप म्हणतात, १०० ते ५०० मिलिसेकंदांत येऊन निघूनही जाते. रात्रंदिवस ४१५ ऐवजी ३७० व्होल्ट मिळत असतील तर स्टॅबिलायझर उपयोगाचा. डिपसाठी त्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो.

डिप येतो कुठून, हे आधी पाहू. ओली फांदी तारेला टेकते, धुळीने माखलेल्या इन्सुलेटरवर पहिल्या सरीचे पाणी पडून ठिणगी उडते, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर खार चढते. ज्या फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर) दोष झाला त्या फीडरची लाइट जाते. पण ब्रेकर (दोष असलेली लाइन तोडणारा स्विच) उघडेपर्यंत त्याच सबस्टेशनच्या बाकी सगळ्या फीडरचे व्होल्टेजही खाली ओढले जाते. म्हणजे शेजारच्या फीडरवरचा दोष आपल्याकडे डिप होऊन येतो. तो किती वेळ टिकणार हे रिले (दोष ओळखून ब्रेकरला आदेश देणारे उपकरण) आणि ब्रेकरवर ठरते. व्हॅक्यूम ब्रेकर स्वतः साधारण ६० मिलिसेकंदांत उघडतो. रिलेने तात्काळ आदेश दिला तर सगळे मिळून १०० मिलिसेकंदांच्या आसपास आटोपते, रिले वेळ लावून बसवला असेल तर अर्धा सेकंद आणि त्याहूनही जास्त.

आता ड्राइव्हच्या पोटात काय होते ते. आलेली थ्री-फेज वीज डायोड रेक्टिफायरमधून डीसी होते, कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथून आयजीबीटी (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मोटरला हवी ती फ्रीक्वेन्सी देतात. ४१५ व्होल्टला डीसी बस, म्हणजे हे कपॅसिटर जिच्यावर असतात ती डीसी लाइन, सुमारे ५६० व्होल्टवर असते. ती एका मर्यादेखाली गेली की ड्राइव्ह अंडरव्होल्टेज दाखवून थांबतो. मर्यादा मेकनुसार बदलते. हिशेबापुरती ४०० व्होल्ट धरू. २२ किलोवॉटचा ड्राइव्ह आणि त्यात २,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घेतले, तर ५६० वरून ४०० व्होल्टवर येईपर्यंत त्यातून सुमारे १५४ ज्यूल ऊर्जा मिळते. पूर्ण लोडवर ती ७ मिलिसेकंद पुरते. पन्नास हर्ट्झची अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची असते, म्हणजे कपॅसिटर अर्धी सायकलही तग धरत नाहीत. ‘मोठा ड्राइव्ह घेतलाय, डिपचं काय!’ हा समज इथेच संपतो.

सप्लाय मुळातच कमी असेल तर परिस्थिती आणखी वाईट. ३७० व्होल्टला डीसी बस ५०० च्या आसपास असते आणि तिथून ४०० पर्यंत मिळतात फक्त ९० ज्यूल. व्होल्टेज ११ टक्क्यांनी कमी, शिल्लक ऊर्जा मात्र ४० टक्क्यांहून अधिक घटलेली, कारण ही ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्यांनी डिपचा विचार करण्याआधी दिवसाचे आणि मध्यरात्रीचे व्होल्टेज आठवडाभर लिहून ठेवावे. दोन्ही वेळा कमी असेल तर शटडाउन घेऊन ऑफ-सर्किट टॅप बदलून व्होल्टेज अडीच टक्क्यांनी वर न्यावे. फक्त दिवसा कमी आणि रात्री ४४० व्होल्ट दिसत असेल तर टॅपला हात लावू नये, कारण रात्री दिवे आणि पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर त्याची किंमत मोजतील.

‘त्याच फीडरवर शेजाऱ्याचे मशीन चालू राहते, आपले पडते, असे का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुतेक दोष तिन्ही फेजवर होत नाहीत, एका फेजवर होतात. ११ केव्ही बाजूला एक फेज जमिनीला टेकून पार शून्यावर आली, तर डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमधून (आपल्या डीपीवरचा नेहमीचा डीवायएन-११) खाली ती घसरण वेगळ्या रूपात उतरते. ४१५ व्होल्टच्या तीन फेज-जोड्यांपैकी दोन जोड्यांना ८८ टक्के व्होल्टेज मिळते आणि तिसऱ्या जोडीला फक्त ३३ टक्के. रेक्टिफायर नेहमी सगळ्यात जास्त असलेली जोडी उचलतो, म्हणून डीसी बसचे शिखर ५१८ व्होल्टपर्यंत जाते. मात्र दोन शिखरांमधली दरी आता लांब होते आणि तेवढा वेळ कपॅसिटरला एकट्याने भार ओढावा लागतो. अर्ध्या लोडवरचा ड्राइव्ह यातून बहुधा तरून जातो, पूर्ण लोडवरचा अंडरव्होल्टेज किंवा इनपुट फेज लॉस दाखवून पडतो.

आणि खरी मेख कंट्रोल सर्किटमध्ये (स्टार्ट-स्टॉपच्या वायरिंगमध्ये) आहे. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे प्रायमरी कोणत्या तरी दोन फेजवर जोडलेले असते. ३३ टक्के मिळणारी जोडी नेमकी तीच निघाली, तर ड्राइव्ह धडधाकट असतो पण कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने धरून ठेवलेला स्विच) सुटतो. एसी कॉइलचा कॉन्टॅक्टर रेटेड व्होल्टेजच्या ७५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात कुठेही सुटला तरी तो आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकात बसतो, त्यामुळे डिप सोसण्याच्या बाबतीत कॉन्टॅक्टरच्या ब्रँडवर भरवसा ठेवता येत नाही. छोटे प्लग-इन रिले तर आणखी हळवे. कुठल्या फेजवर दोष होतो त्यावर जोडी ठरते, म्हणून तेच पॅनेल एका डिपला पडते आणि पुढच्या दोन डिपना हलतसुद्धा नाही. वायरमनला मग ‘लूज कनेक्शन असेल’ वाटते आणि तो सगळे टर्मिनल आवळत बसतो.

म्हणून पहिले काम म्हणजे ड्राइव्हची फॉल्ट हिस्टरी वाचणे. रिसेटचे बटण दाबायच्या आधी फॉल्टचे नाव, त्या क्षणाचे डीसी बस व्होल्टेज, आउटपुट फ्रीक्वेन्सी, करंट आणि वेळ वहीत उतरवा. अंडरव्होल्टेज असेल तर दोष डीसी बसच्या बाजूचा. इनपुट फेज लॉस असेल तर घसरण एका बाजूला झुकलेली, नाहीतर फ्यूज उडालेला. ओव्हरकरंट असेल आणि तो व्होल्टेज परत आल्यावर आलेला असेल, तर फिरत्या मोटरला चुकीच्या फ्रीक्वेन्सीवर पकडले गेले आहे. आणि मशीन थांबले पण हिस्टरीत काहीच नोंद नाही, तर ड्राइव्हला स्टॉपचा आदेश मिळाला होता, म्हणजे रन कमांडचा रिले सुटला. या चौथ्या प्रकारात ड्राइव्हचे कितीही पॅरामीटर बदलले तरी शून्य फायदा. नेमक्या याच प्रकारात ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवलेले दिसतात, हे दुर्दैव.

कंट्रोल सर्किटची दुरुस्ती स्वस्त आहे आणि तिथूनच सुरुवात करावी. स्टार्ट-स्टॉपची बटणे बाहेरच्या रिलेवर लॅच करण्याऐवजी (आदेश धरून ठेवण्याऐवजी) ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटवर थेट घ्या आणि ड्राइव्हमधला थ्री-वायर कंट्रोल निवडा. ड्राइव्हचा आतला २४ व्होल्ट सप्लाय बहुतेक मॉडेलमध्ये डीसी बसवरून येतो, त्यामुळे बस जिवंत असेपर्यंत लॅच टिकते. पीएलसीच्या (मशीनच्या कंट्रोलरच्या) २४ व्होल्ट एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) २३० व्होल्टवर साधारण एकाच सायकलचा, २० मिलिसेकंदांचा दम असतो. त्याऐवजी दोन किंवा तीन फेजवर चालणारा ४०० व्होल्ट इनपुटचा एसएमपीएस बसवावा, किंवा त्याच्या पुढे २४ व्होल्टचा बफर मॉड्यूल जोडावा. एसी कॉइलचे कॉन्टॅक्टर ठेवायचेच असतील तर कॉइल होल्ड-इन मॉड्यूल किंवा फक्त कंट्रोलपुरता ५०० व्हीए ते १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो. एक पथ्य मात्र सोडू नये: इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्ट त्या होल्ड-इन मॉड्यूलच्या पुढे, कॉइलच्या बाजूला हवा. तो मागे राहिला तर बटण दाबल्यावरही कॉइल धरलेलीच राहील.

ड्राइव्हच्या इनपुटला कॉन्टॅक्टर लावण्याची आपल्याकडची सवयही तपासून पाहावी. सेफ्टीसाठी तो खरोखर गरजेचा नसेल तर काढून एमसीसीबी (सर्किट ब्रेकर) पुरे. हा कॉन्टॅक्टर प्रत्येक डिपला सुटून परत बसला की कपॅसिटर दरवेळी प्रीचार्ज रेझिस्टरमधून (सुरुवातीचा करंट रोखणाऱ्या रेझिस्टरमधून) भरतात, आणि तो रेझिस्टर वारंवार तापण्यासाठी बनलेला नसतो. पावसाळ्याच्या शेवटी ‘ड्राइव्ह चालूच होत नाही’ म्हणून आलेल्या ड्राइव्हमध्ये तो जळालेला सापडला तर नवल वाटू नये.

आता मोटरकडे. कपॅसिटरमध्ये १५४ ज्यूल असतात, पण फिरत्या पंख्यात? मोटर आणि पंखा मिळून १० किलोग्रॅम-मीटर वर्ग जडत्व आणि १,४५० आरपीएम धरले, तर साठलेली ऊर्जा १ लाख १५ हजार ज्यूल भरते, म्हणजे कपॅसिटरच्या सुमारे साडेसातशे पट. ही ऊर्जा वापरण्याच्या सोयीला कायनेटिक बफरिंग म्हणतात. डीसी बस घसरू लागली की ड्राइव्ह आउटपुट फ्रीक्वेन्सी मोटरच्या वेगाच्या किंचित खाली आणतो. मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा उलटी बसमध्ये येते. ड्राइव्हला तेव्हा फक्त स्वतःचे आणि मोटरचे लॉस भागवायचे असतात. पंख्याचा भार पंख्याच्याच जडत्वावर चालतो. वरच्या उदाहरणात २२ किलोवॉट लोडवर २०० मिलिसेकंदांच्या डिपमध्ये वेग घटतो जेमतेम ३० आरपीएम. बॉयलरच्या आयडी फॅनसाठी (धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या पंख्यासाठी) हे सोन्यासारखे आहे, कारण तो फॅन ट्रिप झाला की आग विझते आणि पुन्हा पर्ज करून (आतला वायू बाहेर काढून) पेटवण्यात उत्पादन जाते.

ही सोय बहुतेक ड्राइव्हमध्ये असते, पण कंपनीतून येताना चालू असेलच असे नाही. एबीबीच्या एसीएस ५८० आणि ८८० मध्ये पॅरामीटर ३०.३१ अंडरव्होल्टेज कंट्रोल, आणि तो चालू येतो. सीमेन्सच्या मायक्रोमास्टर ४४० मध्ये पी१२४०: तो १ वर येतो, म्हणजे फक्त ओव्हरव्होल्टेजची बाजू सांभाळतो, बफरिंगसाठी ३ करावा लागतो. यास्कावामध्ये एल२-०१ शून्यावर, म्हणजे बंद येतो. मित्सुबिशीचा पीआर ५७ हा ९९९९ वर येतो, म्हणजे डिपनंतर पुन्हा सुरू होणे बंद. डॅनफॉसच्या एफसी ३०२ मध्ये १४-१० पाहावा. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून मगच बदल करा, आणि आधी सगळे पॅरामीटर कीपॅडवर किंवा पीसीवर कॉपी करून ठेवा.

डिप लांबला आणि ड्राइव्हने मोटर सोडून दिली, तर पुढची पायरी फ्लाइंग स्टार्ट. मोटर कितीवर फिरते ते ड्राइव्ह शोधतो आणि तिथूनच पकडतो. हे बंद असेल तर तो शून्यापासून सुरू करतो, फिरती मोटर अचानक ब्रेक होते आणि ओव्हरकरंट किंवा ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो. बोअरवेलच्या पंपावर शोध दोन्ही दिशांना लावावा, कारण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर उतरणारे पाणी पंप उलटा फिरवते. उंच टाकीवर पाणी चढवणाऱ्या पंपाकडून कायनेटिक बफरिंगची फार अपेक्षा ठेवू नये. पाण्याचा स्तंभ त्याला लगेच थांबवतो.

ऑटो रिस्टार्टबद्दल, म्हणजे ट्रिपनंतर ड्राइव्ह आपोआप पुन्हा सुरू होण्याबद्दल, थोडे कडक बोलावे लागेल. ब्लोअर, कूलिंग टॉवर, बंद खोलीतला पंप यांवर तो जरूर द्यावा. जिथे माणसाचा हात यंत्रात जातो, म्हणजे मिक्सर, कन्व्हेयर, लेथ, कटर, तिथे मुळीच नको. मशीन थांबले की कामगार अडकलेला माल काढायला आत हात घालतो, आणि दोन सेकंदांनी मशीन आपोआप सुरू होते. क्रेन आणि होइस्टवर ऑटो रिस्टार्टही नको आणि फ्लाइंग स्टार्टही नको. तिथे ब्रेक बसला पाहिजे आणि ऑपरेटरने पुन्हा आदेश दिला पाहिजे. जिथे ऑटो रिस्टार्ट देणार तिथेही सगळे ड्राइव्ह एकाच क्षणी उठू देऊ नका. दहा मोटर एकदम वेग घेऊ लागल्या की स्वतःच्याच ट्रान्सफॉर्मरवर दुसरा डिप तयार होतो. पहिल्याला २ सेकंद, पुढच्याला ४, त्यापुढच्याला ६ अशी वेळ विभागून द्यावी.

पीव्हीसी पाइपचा एक्स्ट्रूडर ही अवघड केस. तिथे भार मोठा आणि जडत्व अगदी कमी. ५५ किलोवॉटच्या मोटरवर १ किलोग्रॅम-मीटर वर्ग जडत्व धरले तर १०० मिलिसेकंदांत वेग जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत स्क्रू उभा राहतो. बफरिंगने छोटा डिप निभावतो, मोठा नाही. स्क्रू थांबला की बॅरलमधले पीव्हीसी करपू लागते, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, आणि बॅरल उघडून साफ करण्यात शिफ्ट जाते. अशा लाइनवर पैसे खर्च करणे योग्य आहे: डीसी बसला जोडायचा राइड-थ्रू मॉड्यूल किंवा ॲक्टिव्ह फ्रंट एंडचा ड्राइव्ह. ॲक्टिव्ह फ्रंट एंड घसरलेल्या व्होल्टेजवरूनही बस वर उचलून धरतो, पण त्यासाठी जास्त करंट ओढतो. व्होल्टेज ७० टक्के उरले तर करंट १.४३ पट होतो, म्हणून खरेदी करताना तेवढी करंट क्षमता मागून घ्यावी. पुलर (पाइप ओढणारे यंत्र) आणि कटर वेगळ्या ड्राइव्हवर असतील तर तेही एक्स्ट्रूडरच्या वेगामागे चालले पाहिजेत, नाहीतर ड्राइव्ह वाचतात पण पाइपची जाडी बिघडते.

अंडरव्होल्टेजची मर्यादा खाली ओढून ठेवण्याचा शॉर्टकट काही सर्व्हिसवाले सुचवतात. तो सावधपणे घ्यावा. बस खोल गेलेली असताना सप्लाय एकदम परतला की रिकामे कपॅसिटर प्रीचार्ज रेझिस्टरला वळसा घालून थेट भरतात आणि करंटचा तो तडाखा फ्यूज किंवा डायोड घेऊन जातो. ३ टक्क्यांचा लाइन चोक किंवा डीसी चोक (करंटची उसळी रोखणारी कॉइल) बसवलेला असेल तर तडाखा बराच सौम्य होतो. चोक नसलेल्या ड्राइव्हवर ही मर्यादा जशी आली तशीच ठेवावी. इनपुट फेज लॉसचे संरक्षणही बंद करू नये, निर्माता देत असेल तेवढा विलंब वाढवावा. एक फेज कायमची गेली असताना ड्राइव्ह चालत राहिला तर कपॅसिटरमध्ये १०० हर्ट्झचा मोठा रिपल (चढ-उताराचा करंट) वाहतो आणि ते तापून अकाली मरतात.

कपॅसिटरचे वयही बघावे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, आणि क्षमता २० टक्क्यांनी घटली की तो संपला असे धरतात. पूर्वी ज्या डिपला ड्राइव्ह हलत नसे त्याला आता पडू लागला असेल, तर आधी पॅनेलचा पंखा आणि फिल्टर साफ करा, मग कपॅसिटर मोजा. मोजण्याआधी मेन बंद करून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा आणि डीसी टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असे नाही.

वीज कंपनीकडे जायचे तर पुरावा हवा, आणि तो बिलाच्या मीटरमध्ये मिळत नाही. २०० मिलिसेकंद व्होल्टेज निम्म्यावर आले तर अर्ध्या तासाच्या सरासरीत ४१५ व्होल्टवर फरक पडतो ०.०२ व्होल्टचा. मल्टिमीटरलाही तो दिसत नाही. आयईसी ६१०००-४-३० नुसार क्लास ए असलेला पॉवर क्वालिटी ॲनालायझर महिनाभर भाड्याने लावा. तो प्रत्येक डिपची वेळ, उरलेले व्होल्टेज आणि कालावधी लिहितो. त्या वेळा सबस्टेशनच्या ट्रिपिंग रजिस्टरशी जुळवल्या की कोणत्या फीडरचा दोष आहे ते कळते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहिता विनियमांच्या नावातच पॉवर क्वालिटी हा शब्द आहे, तेव्हा अर्जात तो लिहायला संकोच नको. अर्जात ‘डिप बंद करा’ असे मोघम न लिहिता दोन गोष्टी मागा: पावसाळ्याआधी त्या शेजारच्या फीडरची फांद्या-छाटणी आणि इन्सुलेटर तपासणी, आणि त्या फीडरच्या रिलेची वेळ कमी करता येते का याचा लेखी अभ्यास. दोष दूर करायला अर्ध्या सेकंदाऐवजी ०.१ सेकंद लागला तर डिपची खोली तीच राहील, पण वर सांगितलेल्या पंख्याचा वेग तेवढ्यात १५ आरपीएमसुद्धा घटणार नाही.

नवे मशीन घेताना ऑर्डरमध्ये एक ओळ घालावी. सेमीकंडक्टर उद्योगाचे सेमी एफ-४७ हे मानक सांगते की उपकरणाने ५० टक्के व्होल्टेजवर ०.२ सेकंद, ७० टक्क्यांवर ०.५ सेकंद आणि ८० टक्क्यांवर १ सेकंद चालू राहावे. ही अट ड्राइव्हपुरती न ठेवता पीएलसी, रिले आणि कॉन्टॅक्टरसकट पूर्ण पॅनेलला लावावी, आणि ॲडव्हान्स देण्याआधी पॅनेलवाल्याकडून तसे लेखी घ्यावे.

आपले,
औद्योगिक विद्युत देखभाल क्षेत्रातील दोन वाचक, सांगली